तोफू आणायला

फुसाए इनागाकी ही आमच्या गल्लीतली सगळ्यात स्वच्छ बाई. हे मी कौतुकाने सांगत नाही. तिच्या घरासमोर राहून मी जन्म काढला आहे, त्या स्वच्छतेचा जाच काय असतो ते मला विचारा. हिवाळ्यात मी दुकानाची फळी उघडायच्या आत तिने आपल्या दारापुढचा बर्फ ओढून टाकलेला असायचा, आणि वर माझ्या उंबऱ्यापर्यंतचाही. मग दिवसभर मी तिच्यापुढे वाकून आभार मानायचे, ती माझ्यापुढे वाकून "छे छे, त्यात काय एवढं" म्हणायची आणि दोघींच्या कंबरा दुखायच्या.

माझं तोफूचं दुकान आहे. पहाटे सोयाबीन दळायचं, दूध काढायचं, वड्या पाडायच्या. गल्लीतल्या बायका आपापला वाडगा घेऊन येतात आणि वाडग्याबरोबर घरातल्या भानगडीही आणतात. फुसाए मात्र कधी काही आणायची नाही. लोकांना आपला त्रास नको, आपलं लोकांना दिसायला नको, एवढं एकच तिला ठाऊक. लाज वाटली की तिचे कान लालबुंद व्हायचे, आणि लाज तिला उठताबसता वाटायची.

नवरा तिला शोभेसा मिळाला होता. तोकुजीसान गावातल्या साकेच्या कारखान्यात मुख्य कारागीर होते. तांदूळ वाफवून त्याची दारू आंबवायची म्हणजे स्वच्छतेचं काम. नखात माती असलेला माणूस दिसला तर ते त्याला सगळ्यांदेखत दारातून परत पाठवायचे. हाताखालची माणसं त्यांना 'ओयाजी', म्हणजे बाप, म्हणायची आणि चळाचळा कापायची. निवृत्त झाल्यावरही ते रस्त्याने चालले की सायकलवरचे पुरुष खाली उतरायचे.

संध्याकाळी टबात पाणी तापलं की पहिली आंघोळ त्यांची. आमच्याकडे सगळ्या घराला पाणी एकच. बाहेर चौरंगावर बसून अंग घासून धुवायचं आणि मग टबात गळ्यापर्यंत बुडून शेकत बसायचं. पहिलं कढत पाणी घरच्या कर्त्याचं, मग मुलाबाळांचं, आणि शेवटचं कोमट बायकोचं. लग्न होऊन आल्यापासून फुसाएने कधी पहिल्या पाण्याला बोट लावलं नव्हतं.

मागच्या वर्षी भातलावणीच्या सुमारास हा क्रम उलटा झाला. तोकुजीसान म्हणायला लागले, "आधी तू जा." ऑगस्टात पितरांच्या सणाला त्यांची मुलगी कायोको घरी आली तेव्हा ते सगळ्यांच्या शेवटी टबात गेले. कायोको शहरात डोळ्यांच्या इस्पितळात नर्स आहे, बोलायला फटकळ. ती टाळ्या पिटत म्हणाली, "अरे वा बाबा! म्हातारपणी बायकोवरचं प्रेम उतू चाललंय वाटतं!"

"उशिरा का होईना," तोकुजीसान म्हणाले आणि हसले.

मीही तिथेच होते, मीही हसले. फुसाएचे कान लाल झाले, आणि त्यावरून आम्ही तिला आणखी छळलं.

दुसरी एक गोष्ट मला दिसली होती. इनागाकींच्या अंगणातल्या दांडीवर आता नुसते टॉवेल वाळायचे. बाकीचे कपडे गेले कुठे? मी एकदा विचारलंही, "काय गं, नवऱ्याला कपडे घालतेस की तसाच ठेवतेस?" ती हसली आणि आत गेली.

आणि तिसरी म्हणजे तोफू. पूर्वी महिनोन्‌महिने माझ्या दुकानाची पायरी न चढणारी ही बाई निळ्या कडेचा वाडगा घेऊन अवेळी यायला लागली. कधी सकाळी, कधी भर दुपारी. तोफू कापून दिला तरी निघायची नाही. माझ्या पालथ्या पिंपावर बसायची, म्हणायची, "घाई नाही गं, तू तुझं काम कर." आणि बोलायची ती फक्त कायोकोबद्दल. कायोकोला बढती मिळाली, कायोकोच्या हाताला कसं कसब आहे, रुग्ण तिचंच नाव घेतात. बराच वेळ झाला की उठायची. मला वाटायचं, म्हातारा-म्हातारीला माझ्या तोफूचं वेड लागलं. गिऱ्हाइकांना मी फुशारकीने सांगायचे, "ओयाजींच्या घरी जातो माझा माल."

फेब्रुवारीत कारखान्यात नवी साके उघडली, तेव्हा जुन्या माणसांना चव घ्यायला बोलावलं होतं. तोकुजीसान ठेवणीतला पोशाख करून गेले आणि लगेच परत आले. मी दुकानातून पाहिलं. भिंतीला धरून, पाय जवळ जवळ टाकत चालले होते. घसरायला झालंय, सांभाळून चालतात, असं मला वाटलं. थोड्या वेळाने फुसाए वाडगा घेऊन आली. पिंपावर बसली, माझ्या हातचा चहा घेतला, कायोकोचं कौतुक केलं आणि गेली.

पुन्हा आली ती उन्हं उतरायला लागली तेव्हा. हातात वाडगा नव्हता, अंगावर कोरा एप्रन.

"हात्सुएसान, जरा येतेस का? हे उठत नाहीयेत."

बरणीचं झाकण उघडत नाही अशा आवाजात म्हणाली. मी गेले. आतल्या खोलीत गादीवर तोकुजीसान निजले होते. अंगात इस्त्रीचा किमोनो, भांग पाडलेला, पांघरूण हनुवटीपर्यंत. मी कपाळाला हात लावला, ते गार. पण डोक्याखालची उशी ओलीचिंब होती, आणि न्हाणीघरातून फरशी धुण्याच्या औषधाचा वास येत होता. मी काही बोलले नाही. अशा वेळी न बोलणं आम्हा लोकांना फार छान जमतं.

गल्लीतल्या डॉक्टरांना मीच बोलावलं. ते म्हाताऱ्याकडे बघत बसले आणि म्हणाले, "ज्या माणसाने जन्मात मला नाडी दाखवली नाही, तो कशाने गेला ते मी काय सांगू?" घरात कुणी असं अचानक गेलं आणि डॉक्टरला कारण सांगता आलं नाही की पोलीस येतातच. ओगातासान म्हणून मध्यमवयीन अंमलदार आले, दारात बूट काढून अदबीने बसले. मृताच्या बोटांच्या टोकांवर सुरकुत्या होत्या, त्या त्यांनी बराच वेळ पाहिल्या.

"झोपेतच गेले का, इनागाकीसान?"

"हो. दुपारी जरा पडले होते."

रात्रीच्या आत कायोको आली. शरीर उघडून बघावं लागेल असं पोलिसांनी म्हटल्यावर ती उसळली, "बाबांच्या अंगाला सुरी लावायची नाही! जन्मभर टापटीप राहिलेला माणूस आहे तो." तेव्हा ओगातासान म्हणाले की कापायला नको, जिल्ह्याच्या इस्पितळात मोठ्या यंत्रातून मृताची आतपर्यंतची चित्रं काढतात, त्यावरून बहुतेक वेळा कळतं. पुष्कळ घरं याला तयार होतात.

फुसाएच्या खांद्यांवरचं ओझं उतरलेलं मी पाहिलं. चित्रच ना? चित्राला काय दिसणार? दुसऱ्या दिवशी इस्पितळात तिने पिशवीतून कंगवा काढला, नवऱ्याचा भांग पुन्हा नीट केला, किमोनोची गळपट्टी सरळ केली आणि यंत्रावरच्या तरुणाला विचारलं, "चित्रात चांगले दिसतील ना हो?" त्याने हसू आलं असेल तर ते दाखवलं नाही. तोकुजीसानांपुढे हात जोडून वाकला, "आता सुरू करतो, इनागाकीसान," असं त्यांनाच म्हणाला आणि फळी आत सरकवली. बाहेरच्या रुग्णांची जेवणाची सुट्टी होती, तेवढ्यात हे उरकलं.

चित्रं वाचणाऱ्या डॉक्टर मिझुशिमाबाईंनी आम्हाला खोलीत बोलावलं. मी घरची नव्हते, पण फुसाएने माझी बाही जी धरली ती सोडेचना. पडद्यावर तोकुजीसान होते. म्हणजे त्यांचं डोकं, आडवं चिरल्यासारखं, आणि दात पांढरेशुभ्र. किमोनो कुठेच नव्हता. भांगही नव्हता. फुसाएने मान खाली घातली. नवरा असा चारचौघांत उघडा पाहण्यापेक्षा जमीन दुभंगली असती तर बरं, असं तिला वाटलं असणार.

"इथे नाकाच्या मागच्या पोकळीत पाणी आहे," मिझुशिमाबाई म्हणाल्या. "श्वासनलिकेतही. आणि फुप्फुसं अशी दिसतात ती पाण्यात गेलेल्या माणसाची. गादीवर झोपलेल्या माणसाच्या नाकात एवढं पाणी जात नाही."

ओगातासानांनी अदब तशीच ठेवली, पण आवाज बदलला. "इनागाकीसान, तुमचे यजमान गेले तेव्हा कुठे होते?"

कायोको आईकडे पाहत राहिली. तिच्या डोळ्यांत जे आलं ते कुठल्याही मुलीच्या डोळ्यांत येऊ नये. क्षणभर तिला खरंच वाटलं, आईने काहीतरी केलं.

फुसाए खुर्चीवरून खाली उतरली, गुडघ्यांवर बसली आणि कपाळ जमिनीला लावलं. "न्हाणीघरात. मी बाहेर गेले होते. आले तर हे पाण्याखाली. टब रिकामा केला, टॉवेल घालून ओढलं. फार हलके झाले होते. पुसलं, कपडे घातले."

"पण का? आम्हाला आहे तसं का नाही दाखवलंत?"

"अंगावर काही नव्हतं हो त्यांच्या," ती जमिनीशीच बोलली. "तुम्ही सगळे येणार, शेजारीपाजारी येणार. ओयाजी आहेत ते. त्यांना असं कसं दाखवू?"

ओगातासानांनी मोठा श्वास सोडला. आमच्या भागात हे न समजणारा माणूस नाही. कायोको रडत खाली बसली, आईला उठवलं, मिठीत घेतलं. "वेडी आहेस तू! केवढी घाबरले मी!" मीही डोळे पुसले. सुटलो असंच सगळ्यांना वाटलं, आणि तिथेच संपलं असतं तर ही गोष्ट मला सांगायची गरज नव्हती.

"आणखी एक आहे," मिझुशिमाबाई म्हणाल्या.

त्यांनी चित्र खाली सरकवलं. पोटाच्या तळाशी, आतड्याच्या शेवटच्या भागात मुठीएवढी गाठ होती. वर उजव्या बरगड्यांखाली, यकृतावर, डाग होते. "रक्तही पार पातळ झालेलं दिसतंय. बरेच दिवस जात असावं. असा माणूस कढत पाण्यात बसला की त्याला भोवळ येते. यांना काही त्रास होता का? रक्त पडणं, शौचावर ताबा नसणं, कपडे खराब होणं? अशा गाठीत ते होतंच."

"नाही," कायोको म्हणाली. "काहीच नव्हतं. असतं तर मला कळलं असतं. मी नर्स आहे, आमच्या घरात माझ्यापासून काही लपत नाही. हो ना, आई?"

ओगातासान लिहायला लागले.

आता सांगते ते फुसाएने नंतर मला सांगितलं, आणि तूही सांग म्हणाली म्हणून सांगते. त्या क्षणी तिला फक्त मान हलवायची होती. नवऱ्याला दिलेला शब्द राहिला असता. ओयाजींचे कपडे खराब होतात हे जगात कुणाला कळलं नसतं, आणि मुलगी आयुष्यभर तिला मिठी मारत राहिली असती. तिला एवढंच राखायचं होतं, कायोकोने आपल्याकडे पुन्हा त्या नजरेने पाहू नये. तिने मान हलवायला सुरुवात केली. पण पडद्यावर ती गाठ तशीच होती, आणि कायोको तिच्याकडे पाहून विश्वासाने हसत होती.

"तोफू आणायला जायचे मी," फुसाए म्हणाली.

"काय?"

"त्यांचं असं झालं की ते म्हणायचे, जा, तोफू घेऊन ये. मी घरात असलेली त्यांना चालायची नाही. एकटेच धुवायचे सगळं. मी यायची, राहिलेलं धुवायची, आत वाळत घालायची. भातलावणीपासून. डॉक्टरकडे जाऊ म्हटलं तर म्हणाले, तिथे काय दाखवू, माझी चड्डी? आणि कायोकोला कळलं तर तुझं तोंड बघणार नाही म्हणाले. मलाही बरंच वाटलं गं. मलाही कुणाला सांगायची लाजच वाटत होती."

कायोकोने विचारलं, "सणाला मी आले होते तेव्हा?"

"तेव्हाही."

"म्हणून बाबा शेवटी टबात जात होते? पाणी खराब होईल म्हणून?"

फुसाएने होकाराची मान हलवली.

"आणि मी टाळ्या वाजवल्या," कायोको म्हणाली. मग मिझुशिमाबाईंकडे वळली. "आधी कळलं असतं तर वाचले असते?"

"ते मला सांगता येणार नाही. पण ही गाठ चार दिवसांत वाढलेली नाही."

कायोको उठली, सगळ्यांना वाकून नमस्कार केला आणि खोलीबाहेर गेली. आईकडे तिने पाहिलं नाही.

अंत्यविधीला गाव लोटलं. कसे गेले म्हणून विचारणाऱ्यांना कायोको सांगत होती, आंघोळीत भोवळ आली. लोक हळहळत होते, म्हणत होते, अगदी शेवटपर्यंत स्वच्छ माणूस. ते ऐकून मला तोंड कुठे लपवू असं झालं. लोक काय म्हणतील म्हणून ते दोघं मरणाला कवटाळून बसले होते, ते लोक म्हणजे दुसरे कोण? मीच की. वाळत घातलेले कपडे मोजणारी, पिंपावर बसवून चहा पाजणारी. मायलेकी शेजारी शेजारी काळ्या कपड्यांत बसल्या होत्या, आणि कामापुरतंही एकमेकींशी बोलत नव्हत्या. विधी उरकले तशी कायोको शहरात निघून गेली. फुसाए बर्फ ओढत राहिली. मी आभार मानायला गेले की आत जायची.

मृत्यूनंतर एकोणपन्नासाव्या दिवशी आमच्यात विधी असतो, त्याला कायोको परत आली. भिक्षू प्रार्थना करून गेले, पाहुणे पांगले, आणि दुपार कलताना ती माझ्या दारात उभी राहिली. हातात निळ्या कडेचा वाडगा.

"काकू, एक तोफू द्या."

मी वाडगा घेतला आणि पाण्याच्या टाकीत हात घालून वडी कापली. ती पिंपाकडे बघत होती. "आई इथेच बसायची?"

"इथेच."

ती बसली. "काय बोलायची एवढा वेळ?"

"तुझ्याबद्दल."

"माझ्याबद्दल काय?"

"कायोकोला बढती मिळाली. कायोकोच्या हाताला कसब आहे. कायोकोपुढे दुखणं लपत नाही."

"डोळ्यांच्या इस्पितळात असते मी, काकू. समोर बसून जेवणाऱ्या बापाचा चेहरा पांढरा पडलेला दिसला नाही मला. आईवर कसली रागावते आहे मी?" तिने नाक पुसलं. "आणि खरं सांगू? आमच्या घरात तोफू कुणाला आवडतच नाही. बाबांना तर वासही चालायचा नाही. आई परसातल्या कोंबड्यांना घालायची सगळा."

माझा तोफू. कोंबड्यांना. रागावायची ती वेळ नव्हती म्हणून, नाहीतर मी काही ऐकून घेतलं नसतं. "मग आज कशाला नेतेस?"

"आईने पाठवलं. मी पाणी तापवलं, म्हटलं पहिली तू जा. ती बरं म्हणाली. म्हणाली, तेवढ्यात जा, तोफू घेऊन ये."

बोलता बोलता ती थांबली. माझाही हात पाण्यात थांबला.

कायोको अनवाणी धावली. मी वाडगा हातात घेऊनच तिच्यामागे धावले, का ते मला विचारू नका. घरात वाफ होती. न्हाणीघराचं काचेचं दार बंद होतं. "आई!" आतून काही नाही. "आई!" कायोकोने दार ओढून उघडलं.

फुसाए टबात गळ्यापर्यंत बसली होती. चेहरा रडून सुजलेला, कान लाल.

"दार लाव गं. वारा येतोय."

"कशाला पाठवलंस मला?" कायोको ओरडली.

फुसाएने तोंडावर पाणी मारलं. "रडायचं होतं," ती म्हणाली. "तुझ्यासमोर कशी रडू? मी कुठल्या तोंडाने रडू?"

कायोको आत गेली आणि काळ्या रेशमी किमोनोसकट बापाच्या चौरंगावर बसली. फरशीवरचं पाणी रेशमात चढायला लागलं.

"भिजशील. महागाचा आहे तो."

"भिजू दे."

"तुझं पाणी निवेल."

"निवू दे. मी इथेच बसणार आहे. तुला काय रडायचं ते रड."

मग दोघीही रडल्या, मोठ्याने, गल्लीत ऐकू जाईल एवढ्या. त्या घरातून असा आवाज मी प्रथमच ऐकला. मध्येच फुसाए सवयीने म्हणाली, "तोफू आणलास का?"

"नाही आणला," कायोको म्हणाली. "या घरात आता तोफू येणार नाही."

मी वाडगा एप्रनखाली झाकला आणि पाय न वाजवता बाहेर पडले.